सात बाटल्यांची झाकणं

दिनांक सतरा, रविवार. सकाळी सहाला उठलो. चहा केला, चुकून दोन कप. साडेनऊला वाचनालयात आलो, दहाला कार्यक्रम सुरू झाला.

क्षमा करा, कागदावरची तारीखही वाचून दाखवली. औषधांच्या गोदामात चौतीस वर्षं साठा सांभाळला. तारखेवाचून कागद लिहायची सवय नाही.

या समारंभाच्या अध्यक्ष, आपल्या वाचनालयाच्या ग्रंथपालबाई. बावीस वर्षं कागदाची कात्रणं फुकट देणारे, आजचे प्रमुख पाहुणे छापखान्याचे मालक. शनिवारच्या शुभेच्छाकार्डांच्या वर्गातल्या सगळ्या ताई आणि मुलं. आणि जमलेले स्नेही.

निमंत्रणपत्रिकेवर सत्कारमूर्ती म्हणून माझ्या पत्नीचं नाव आहे. इतकी वर्षं तिनं चालवलेल्या वर्गाला आज तिचा निरोप होता. मंगळवारी सकाळी तिनं दूध तापत ठेवलं, खुर्चीवर बसली आणि उठली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी दोनदा विचारलं, कुणाचं? ग्रंथपालबाईंनी विचारलं, कार्यक्रम रद्द करायचा का? मी नको म्हणालो. का म्हणालो, ते मला अजून सांगता येत नाही.

तिच्याबद्दल तुम्हाला मी काय सांगणार? मुलं तिला डिंकमावशी म्हणायची. बोटं कायम चिकट. एका कार्डावर बटण, दुसऱ्यावर गोणपाट, तिसऱ्यावर काडेपेटीची काडी. मी म्हणायचो, "अगं, हे कार्ड आहे की केराची टोपली?" ती म्हणायची, "अहो, हात लावून तर बघा." मी काही हात लावला नाही. हात चिकट होतात.

आमच्या घरी तिच्या रंगाच्या सात बाटल्या आहेत. जॅमच्या रिकाम्या बाटल्या, सगळ्या एका मापाच्या. झाकणांवर तिनं काहीबाही चिकटवलं होतं: पॉलिशपेपर, साटिनची चिंधी, स्पंजचा तुकडा. मागच्या महिन्यात माझी साठी होती, पाहुणे येणार होते. मी म्हटलं, जरा आवरावं. ती बाजारात गेली असताना झाकणं गरम पाण्यात टाकली, सगळं खरवडून काढलं, पुसून चकचकीत करून लावली. ती आल्यावर दाखवलं.  ती एकेका झाकणावरून बोट फिरवत गेली. पहिल्यापासून सातव्यापर्यंत, आणि परत सातव्यापासून पहिल्यापर्यंत. मला वाटलं, स्वच्छता तपासतेय. खरं सांगतो, मला अभिमान वाटला.

त्यानंतर आठवड्यानं, साठीला, तिनं मला त्याच बाटल्यांतून रंगवलेलं कार्ड दिलं. गोदामाच्या दारात मी खुर्चीवर बसलोय, शेजारी झाड. झाडाची पानं विटकरी आणि माझा चेहरा हिरवा. मी ते सगळ्या पाहुण्यांना फिरवून दाखवलं. म्हटलं, "काय गं, मी आजारी दिसतोय का?" ती म्हणाली, "इतकी वर्षं औषधांत बसलात, रंग उतरणारच की!" सगळे हसले. मी पुढे म्हणालो, "आमच्या बाई हल्ली डोळे मिटून रंगवतात." त्यावरही हसले. तीही हसली. छापखान्याचे मालक तेव्हा हजर होते, ते सांगतील.

गुरुवारी मी त्या बाटल्या इथं द्यायला आणल्या; साठीनंतर तिनं त्या वर्गात नेल्या नव्हत्या. घरात ठेवून काय करायचं? वर्गातल्या शिवणकाम करणाऱ्या ताईंनी पिशवी उघडली आणि विचारलं, "भाऊजी, झाकणं कुणी बदलली?"

मी म्हटलं, "बदलली नाहीत. मीच धुतली."

त्या खालीच बसल्या. म्हणाल्या, "अहो, त्यांना रंग ओळखू येत नव्हते. तीन वर्षं झाली. लाल म्हणजे पॉलिशपेपर, निळा म्हणजे साटिन, पिवळा म्हणजे स्पंज, हिरवा म्हणजे गोणपाट. डोळ्यामागच्या नसेचं दुखणं होतं. दिसायचं सगळं, पण धुऊन विटलेल्या कापडासारखं."

मी विचारलं, "मग रंगांची नावं का नाही लिहिली?"

"नावं लिहिली की कुणीही विचारणार, दिसत नाही का म्हणून. चिंधी लावली की लोक म्हणतात, काय हौस आहे!"

"आणि मला का नाही सांगितलं?"

ताई पिशवीकडे बघत म्हणाल्या, "त्या म्हणायच्या, ह्यांना कळलं तर हे लगेच यादी करून भिंतीवर लावतील. कात्री बंद, जिना बंद, शनिवार बंद."

मी लावली असती. तीच यादी, त्याच क्रमानं.

मुलांनो, डोळे मिटून, बोटांनी चाचपून रंग ओळखायचा तो तुमचा खेळ, तो तिला खेळता खेळता सुचलेला नाही. पण तुम्ही तो खेळलात, आणि तुमच्यातल्या मोठ्यांना सगळं ठाऊक असून कुणी तिला उघडं पाडलं नाही. एकतीस वर्षं एका टेबलावर जेवून मला जे कळलं नाही, ते तुम्ही सांभाळलंत. मी चार दिवस याच गोष्टीपाशी उभा आहे. पुढे सरकता येत नाही. दुःख करायचं असतं हे कळतं, पण ते अजून आलेलं नाही. आधी हेच आलंय.

बाटल्या मी परत घरी नेल्या. काल ताईंनी सांगितलं तसे तुकडे सहा झाकणांवर चिकटवले. सातव्या बाटलीत राखाडी जांभळा आहे. तिनं तो गेल्या वर्षी स्वतः मिसळला, वर्गात कधी आणला नाही. त्याच्यावर काय होतं, ते ताईंना माहीत नाही. ते मी काढलं, याच नखांनी. बशीत ठेवलं, बशी केरात रिकामी केली. आठवायचा प्रयत्न करतोय. लोकर होती का? साल होती का कसली? गोदामातल्या चार हजार औषधांच्या जागा मला आजही पाठ आहेत. हे आठवत नाही.

ग्रंथपालबाईंचे आभार, छापखान्याच्या मालकांचे आभार, ताईंचे तर किती मानू. वर्ग पुढच्या शनिवारी भरेल असं ताई म्हणाल्या. त्याआधी सहा बाटल्या मी आणून देईन. भाषणाची मला सवय नाही. घरातलं नको तितकं बोललो असेन, कुणाचं नाव राहिलं असेल, तर पोटात घाला.

सातवी बाटली घरीच राहील. सकाळी झाकण हातात घेऊन बसलो होतो, ते टेबलावर तसंच राहिलंय. आता घरी जाऊन ते लावतो. उघडं राहिलं की रंग वाळतो, एवढं मला माहीत आहे.