ढक्कनावरचं नाव

मी मूळची भंडाऱ्याची, लग्न झालं आणि ह्यांच्या सेंट्रल गव्हर्नमेंटच्या नोकरीमागं लखनऊला आले, तेव्हापासून इथंच, तेलीबागला. घरात मराठी बोलतो पण काय सांगू तुम्हाला, मध्येच हिंदी कधी शिरते समजत नाही, मुलगा तर मराठी ऐकतो आणि उत्तर हिंदीत देतो.

ह्यांना एकच नाद होता, भांड्यावर नाव घालायचा. नवीन गिलास आला, डबा आला, की स्कूटरवर चालले अलीगंजला, तिथं त्यांचा ठरलेला नाव घालणारा होता. म्हणायचे, नाव घातलं की वस्तू कुठंही जाऊ दे, घरी परत येते. आणि येतही होती हो, शेजारणीकडे खिरीचा डबा गेला की धुऊन परत.

मी मुलांना ऑनलाइन गणित शिकवते, तर त्यासाठी ह्यांनी छोटा कॉम्प्युटर आणला, जेवणाच्या डब्याएवढा, आणि मला न सांगता तोही नेला अलीगंजला. खालच्या पातळ ढक्कनावर कोरून आणलं, सुजातास सप्रेम भेट, खाली स्वतःचं नाव. मी म्हटलं, अहो, हे काय भांडं आहे का. नुसते हसले. त्याच थंडीत गेले. सब्जी आणायला निघाले आणि जिन्यातच बसले, बस.

मला रडू आलं नाही. अजून नाही आलं. लोक म्हणतात आत कोंडलंय, मला तर आत काही सापडतच नाही. त्यांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, मी क्लास सुरू केले, तेवढ्या वेळात कोणाशी तरी बोलणं होतं, नाहीतर दिवसभर भिंतीकडे बघून राहते मी.

तर कॉम्प्युटर अडकायला लागला. मुलं म्हणायची, मैम, आप अटक गईं. मुलगा बेंगळुरूहून म्हणाला, मम्मी, रैम कम है, बढ़वा लो, पर खुद मत खोलना, वारंटी चली जाएगी. म्हणून सर्व्हिस सेंटरला गेले. काउंटरवरच्या मुलीनं उलटा केला, अक्षरं बघितली, म्हणाली, आंटी, बॉडी पे खुदाई है, वारंटी नहीं मिलेगी. मग तीच जरा हळू म्हणाली, ढक्कन नया डलवा लीजिए, पुराना यहीं जमा होगा, फिर वारंटी चलती रहेगी. मुलाला फोन लावला, तो म्हणाला, मम्मी, ढक्कन ही तो है.

खरंच, ढक्कनच तर. वारंटी गेली आणि उद्या हे बंद पडलं तर क्लास बंद, मग मी दिवसभर काय करू, हे मला कळत होतं हो. तरी मी कॉम्प्युटर तसाच पिशवीत घातला आणि घरी आले.

रॅमची पट्टी दुकानातून आणली, मोबाईलवर व्हिडिओ लावला. त्यात सांगितलं, अंगातली वीज उतरवायला आधी धातूला हात लावा, तर मी पाण्याच्या स्टीलच्या टाकीला लावला, तिच्यावरही त्यांचंच नाव. स्क्रूवरचा वारंटीचा कागद नखानं काढला. ढक्कन निघालं तर आतल्या बाजूला तीच अक्षरं उलटी उमटलेली, बोटाला लागणारी. वाटलं, आता येईल रडू. थांबून पाहिलं. नाही आलं. मग पट्टी बसवली, चालू केलं तर स्क्रीन काळी. पुन्हा उघडलं, जोर लावून दाबली, टक् झालं, तेव्हा चालू झालं.

दुसऱ्या दिवशी मुलं म्हणाली, मैम, आज आप अटक नहीं रहीं. मी म्हटलं, हाँ बेटा.

आता बिघडलं तर बिघडलं, कोणी बदलून देणार नाही. मुलगा चिडला, चिडू दे, तोही सुखी राहो, तुम्हीही राहा. पाणी घ्या नं. ते म्हणायचे नाव घातलेली वस्तू घरी परत येते, ही तर मी जाऊच दिली नाही.