शुक्रवारचा लांबलेला सजदा

— नाही नाही, टाळ्या वाजल्या हे मी नाकारतच नाही साहेब, पण त्या कौतुकाच्या टाळ्या नव्हत्या — चहा घ्या, गार होतोय — नमाज चालू असताना इमामाचं काही चुकलं तर मागच्या पुरुषाने ‘सुभानल्लाह’ म्हणायचं आणि बाईने हातावर हात मारायचा, एवढंच, आठवण करून द्यायची रीत आहे ती. तुमच्या धर्मखात्याला हे मी काय सांगायचं, इमामाची प्रवचनं तुम्हीच तर लिहून पाठवता. पण रस्त्यावर भोंगा घेऊन उभा असलेला तो इन्स्पेक्टर, त्याला काय कळणार — त्याने ठोकून दिलं, ‘घोषणा आणि टाळ्या’. घोषणा म्हणजे मी. अजान देणारा मीच, इमामाच्या पाठीमागे पहिल्या रांगेत मीच, तर मी नाही म्हणणार तर कोण. आणि टाळी मारली माझ्या मुलीने, वर बायकांच्या सज्ज्यातून. हो, इमामाची बायको. इमाम माझा जावईच ना. असेल ते तुमच्या फाइलीत.

सगळं झालं दवाखान्यावरून. या गल्लीत एकच दवाखाना, तो आमच्या वॉर्डाच्या अधिकाऱ्यांनी, वॉर्डसाहेबांनी, बंद केला, दाराला सील ठोकलं, म्हणे तिथे गाड्या लावायला जागा करायची. माझी मुलगी तिथेच नर्स. पोरं भडकली, म्हणाली, शुक्रवारची नमाज झाली की मशिदीतूनच मोर्चा काढू. आणि नेमकं त्याच आठवड्याला तुमच्याकडून प्रवचन काय यावं — अधिकाऱ्यांची आज्ञा पाळा. मग काय, गुरुवारी म्हातारी मंडळी आली, याच खोलीत, तुम्ही बसलाय तिथे. म्हणाली, इमामसाहेब, कुराणात स्वच्छ आहे, अल्लाहचं ऐका, पैगंबरांचं ऐका आणि तुमच्यातल्या अधिकाऱ्यांचं ऐका, हदीसमध्ये तर असंही आलंय की हाकिमाने पाठीवर फटके मारले तरी ऐका, आणि समजवायचंच असेल तर हात धरून एकांतात समजवा, चव्हाट्यावर नको. जावई म्हणाला, बरोबर आहे. ती उठली तशी पोरं आली. पोरं म्हणाली, त्याच आयतीत पुढे आहे, वाद झाला तर तो अल्लाह आणि पैगंबरांपुढे न्या, तिथे अधिकाऱ्याचं नाव कुठाय? जिथे अल्लाहची अवज्ञा होते तिथे कुणाही माणसाची आज्ञा पाळायची नाही, जुलमी हाकिमासमोर खरं बोलणं हा सगळ्यात श्रेष्ठ जिहाद, आणि वाईट दिसलं तर हाताने बदला, नाही जमलं तर जिभेने, तेही नाही तर निदान मनातून — आणि एकांतात समजवायला वॉर्डसाहेबांचा शिपाई आत सोडतो का? जावई म्हणाला, हेही बरोबर आहे. पोरं गेल्यावर मी म्हटलं, अरे, मग उद्या तू करणार काय? मोर्चाच्या पुढे चालणार की दारात आडवा होणार? तर म्हणाला, मामा, मी जरा हातपाय धुऊन येतो. गेला तो गेला, रात्रीच्या जेवणालाच उगवला.

त्याचा स्वभावच तसा. घरात सासू-सुनेचं वाजलं की हा चटई अंथरतो आणि जास्तीची नमाज धरतो. आता नमाजीला हाक मारायची नाही, त्याच्या पुढून जायचं नाही — इकडे भांड्यांची आदळआपट, तिकडे हा कपाळ टेकून सजद्यात, आणि भांडण निवलं की सलाम फिरवून नमाज संपवतो आणि विचारतो, जेवायला काय आहे. मुलगी म्हणते, अब्बा, तुम्ही मला फार धार्मिक नवरा करून दिलात. पण ते घरचं झालं, त्याचा शुक्रवारशी काही संबंध नाही, ते लिहू नका. शुक्रवारी त्याला चक्कर आली.

प्रवचन त्याने तुमचंच वाचलं हो, काना-मात्रा न बदलता, औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचावी तसं. वॉर्डसाहेब खास ऐकायला आले होते, दुसऱ्या रांगेत, नवीन टोपी घालून. मग नमाज. आणि शेवटच्या सजद्यात गेला तो जावई उठेचना. आता इमाम उठत नाही तोवर मागच्यांनी उठायचं नाही, हे तुम्हाला माहीत आहे — जो इमामाच्या आधी डोकं उचलतो त्याला भीती वाटत नाही का, की अल्लाह त्याचं डोकं गाढवाचं करून टाकेल? मी हे लहानपणी ऐकलं, तेव्हापासून नमाज झाली की आधी कान चाचपतो. तर सगळे तसेच. रांगा पार रस्त्यावर गेलेल्या, मागे बस अडकली, टेम्पो अडकला, हॉर्न वाजताहेत, इन्स्पेक्टर भोंग्यातून ओरडतोय, उठा, पांगा, ही शेवटची सूचना — कोण उठणार? त्याचाच एक हवालदार शेवटच्या रांगेत होता, टोपी उशाला ठेवल्यासारखी बाजूला ठेवून, तोही हलला नाही. किती वेळ म्हणाल तर सजद्यात कुठे घड्याळ दिसतं, माझ्या डोळ्यासमोर फक्त सतरंजी. बरं, माइक जावयाच्या कॉलरला, त्यामुळे त्याचा श्वास सगळ्या गल्लीला ऐकू येत होता. एकदम शांत श्वास. डोळा लागलेल्या माणसाचा असतो ना, तसा. हो, चक्करच, पण चक्कर येऊन डोळा लागला, असं धरा.

मी म्हटलं सुभानल्लाह. काही नाही. पुन्हा म्हटलं, तर मागच्या पोरांनीही म्हटलं, मग सगळ्यांनीच — त्या तुमच्या घोषणा. मग वरून टाळी. पहिली साधी होती, पण दुसरी — ती टाळी मी ओळखतो साहेब, घरात हा चटई अंथरतो तेव्हा तीच वाजते. मग बाकीच्या बायकांनीही हात मोकळे करून घेतले. आणि या सगळ्यात दुसऱ्या रांगेतून आवाज येतोय, या अल्लाह, या अल्लाह. मला वाटलं, वॉर्डसाहेबांना काय ही भक्ती. भक्ती नव्हती, गुडघा होता.

शेवटी जावई उठून बसला, सलाम फिरवला, सगळे उभे राहिले आणि वॉर्डसाहेब तसेच ओणवे. आम्हाला वाटलं, पश्चात्ताप होतोय, होऊ दे. तर म्हणाले, अरे बघता काय, दवाखान्यात न्या. आता कोण बोलणार? एक म्हातारे हळूच म्हणाले, साहेब, त्याला आपलंच सील आहे. तर ओरडले, तोडा सील, माझी आज्ञा आहे. मग विषयच संपला. म्हातारी मंडळी म्हणाली, अधिकाऱ्याची आज्ञा आहे, पाळलीच पाहिजे. पोरं म्हणाली, आमची कुठे ना आहे — त्या दोघांचं पहिल्यांदा एकमत झालेलं मी पाहिलं. चार पोरांनी खांद्यावर घेतलं, ओणव्याचे ओणवेच, मागे सगळी मशीद, इन्स्पेक्टरने सलाम ठोकून रस्ता करून दिला. याला तुम्ही विनापरवाना मोर्चा म्हणता? पुढे हाकिम, मागे रयत, मोर्चा असा असतो का कुठे? आणि एक म्हातारे त्यांचा हात धरून बाजूने चालत होते, दवाखाना का लागतो ते कानात सांगत होते, अगदी खालच्या आवाजात. मुलीने सील तोडलं, सुई दिली, पट्टी बांधली. रोज पट्टी बदलायला येतात आता. दवाखाना उघडाच आहे, बंद करा म्हणून कुणी परत लिहून दिलेलं नाही.

तेव्हा आमचं सगळ्यांचं ठीक आहे, अडकला फक्त माझा जावई. त्याला काढलंत तर ही खोलीही जाईल, मुलगी डबे-ट्रंका घेऊन कुठे जाणार, आणि तिच्या सासूला दुसऱ्या मजल्यावर चढवत नाही. म्हणून हात जोडून सांगतो, चक्कर लिहा. मला त्याचा राग येतो साहेब, खरंच येतो, एवढा शिकलेला माणूस, एका बाजूला उभं राहायचं म्हटलं की जमिनीला कपाळ लावतो. पण त्या दिवशी माझा ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू — म्हणजे कॉलरचा माइक त्याने असा अलगद बाजूला सरकवला, श्वास सुद्धा बिघडू न देता, आणि डोळे टक्क उघडे, काखेखालून मागे बघत होता, दुसऱ्या रांगेकडे, वॉर्डसाहेबांच्या गुडघ्याकडे, दूध कधी वर येतंय ते बघावं तसा —

काय?

मी कसं पाहिलं?

...सतरंजी. हो, म्हणालो होतो मी सतरंजी.

अहो, कान नाही चाचपत, खाज आली. ते पेन खाली ठेवा बघू. इतकं काही सगळंच लिहायचं नसतं, आणि माझी अजानची वेळ झाली, मला उठलं पाहिजे. चहा राहू द्या, गार झाला. तुमचा हुकूम निघेपर्यंत इमाम तोच आहे, आणि तो कोणत्या बाजूचा ते तुम्ही विचारायला आलाय हे त्याला कळलंय, मघाशीच हातपाय धुवायला गेलाय तो. तुम्हीही पढणार ना आमच्याबरोबर? या, माझ्या शेजारी उभे राहा, पहिल्या रांगेत. गुडघे ठीक आहेत ना तुमचे?