न सुकलेली मूठ

सून – त्या सुरीच्या मुठीचा क्लॅम्प आज सोडायचा, बाबा. संध्याकाळी माझी बस आहे.

सासरे – सोडू की. पण गोंद अजून सुकला नाही गं.

सून – ऐन थंडीत लावलेला गोंद. उन्हाळासुद्धा सरला.

सासरे – खास गोंद आहे तो. माझ्या उस्तादांनी एकदा लावला होता. सुकेपर्यंत त्यांची नातवंडं म्हातारी झाली.

सून – उस्ताद तुमचे बिनलग्नाचे गेले. नातवंडं कुठून आली?

सासरे – बघ, म्हणजे किती वेळ लागला असेल.

सून – हे गिऱ्हाइकांना सांगा. त्या खाणावळवाल्या काकू परवा विचारत होत्या, ही कुणाची सुरी, किती दिवस अशी आवळून ठेवलीय. तुम्ही त्यांनाही हेच ऐकवलंत. मी गप्प बसले. मी गेले की मात्र कोण गप्प बसणार आहे तुमच्या थापांपुढे?

सासरे – तिकडे नोकरीवर तुला देतील ना सुरी? एवढं मोठं हॉस्पिटलचं स्वयंपाकघर.

सून – देतील. उजव्या हाताची. ही तुमच्या लेकाने माझ्या डाव्या हातासाठी केलीय. पात्याची धार बघा, उलट्या बाजूने काढलीय. लग्न झाल्यापासून मी उलट्या सुऱ्यांशी भांडतेय म्हणून. ही घेतल्याशिवाय मी इथून हलणार नाही.

सासरे – मग नको हलूस.

सून – बाबा.

सासरे – थट्टा केली गं. म्हाताऱ्याने थट्टापण करू नये का? घे. सोड तूच. माझ्या हाताने नाही व्हायचं.

(क्लॅम्पचा स्क्रू करकरत फिरतो.)

सून – बाबा, लाकूड हलतंय.

सासरे – काय हलतंय?

सून – मुठीचं लाकूड. बोट लावून बघा. सरकतंय पात्यावरून. आत चिकट आहे, चघळून टाकलेल्या च्युइंगमसारखं.

सासरे – आण इकडे. चष्मा दे माझा. ... मी म्हटलं नव्हतं, सुकला नाही म्हणून?

सून – तुम्ही थाप मारत होतात.

सासरे – हो. थापच मारत होतो. जन्मभर इतक्या मारल्या, त्यातली एक खरी व्हायची होती, तर नेमकी ही झाली.

सून – हार्डनर कमी पडलाय. दोन्ही ट्यूबा सारख्या पिळल्याच नाहीत त्याने.

सासरे – कोणी? आपल्या मापाड्याने? अगं, चहात साखर घालतानाही चमच्यावरचा ढीग बोटाने सपाट करायचा तो. मी डोळ्याच्या अंदाजाने गोंद मिसळला की माझ्या हातातली काडी काढून घ्यायचा. म्हणायचा, बाबा, गोष्टीत चालतं, गोंदात चालत नाही. त्याचं माप चुकेल होय? ट्यूब खराब असेल.

सून – त्याच ट्यूबांनी मी नंतर त्या खाटकाच्या सुऱ्या बसवल्या. दगडासारख्या झाल्या.

सासरे – मग घाईत असेल.

सून – घाई नव्हती. त्या दुपारी चहा नको म्हणाला. उजेड डोळ्यांत खुपतोय म्हणून ती खिडकी लोटून घेतली. मला वाटलं, झोप झाली नसेल. रात्री तो गेल्यावर डॉक्टर म्हणाले ना, डोक्यातली नस एकदम फुटली नाही, आधीपासून झिरपत असणार. म्हणजे हा गोंद कालवत होता तेव्हाच...

सासरे – मी इथेच होतो. ह्या स्टुलावर.

सून – हो.

सासरे – शेजारच्या वेल्डरला खुर्चीची गोष्ट सांगत होतो.

सून – नवरदेवाची?

सासरे – तीच. आपल्या गोंदाने नवरदेव खुर्चीला चिकटला, आणि लग्नाच्या फोटोत सगळे उभे, हा एकटाच बसलेला. आपला पोरगा हसला होता गं. जिथे हसायचं, बरोब्बर तिथेच हसला. मग मला कसं कळणार?

सून – मला तरी कुठे कळलं. रात्री जेवताना विचारत बसले, आमटीत मीठ जास्त झालंय का. तो म्हणाला, बरोबर आहे. नंतर मी खाऊन बघितली, तर मीठ घातलंच नव्हतं.

सासरे – हे कधी बोलली नाहीस.

सून – काय बोलायचं त्यात.

सासरे – ... दे ती चिंधी. थिनर कुठाय? हे सगळं पुसून काढावं लागेल. खाली जरा जरी ओला गोंद राहिला, तरी वरचा धरायचा नाही.

सून – मी पुसते.

सासरे – दोघं पुसू. हळू. बघ, मुठीत जाणारी पात्याची शेपटी कशी घासलीय त्याने, आडवी-उभी, जाळी पाडलीय. गुळगुळीत लोखंडाला काही चिकटत नाही, हे मीच शिकवलं त्याला. माप तेवढं त्याचं स्वतःचं.

सून – थांबा. हे काय आहे? लाकडाखाली.

सासरे – केस?

सून – धागा. निळा. त्याच्या स्वेटरच्या बाहीचा. मी म्हणत होते, उसवलीय ती बाही, काढून दे, शिवते. चिमटा द्या.

सासरे – जपून. तुटेल.

सून – नाही तुटत. गोंद ओला आहे ना. आला बघा, अख्खा.

सासरे – सुकला असता तर कधी दिसला नसता.

सून – हो.

सासरे – चला. आता गोंद कुठला घ्यायचा सांग. तो पाच मिनिटांत धरणारा आहे. तोच घे. वर वाळवून, बांधून, आरामात बस गाठशील.

सून – बाबा, तो घरच्या फुलदाणीला ठीक. रोज गरम पाण्यात धुतली जाणार ही सुरी. महिन्याभरात मूठ हातात येईल. तुम्हीच गिऱ्हाइकांना ओरडता त्यावरून.

सासरे – गिऱ्हाइकांना बस पकडायची नसते.

सून – सावकाश सुकणाराच घेऊ.

सासरे – त्याला उद्यापर्यंत आवळून ठेवावं लागेल.

सून – ठाऊक आहे. धरा ही पट्टी. मी पिळते. बघा, दोन्ही सारख्या झाल्या का.

सासरे – डावीकडची जराशी वाढव. ... बास. अजून ढवळ. रंग एकसारखा होईपर्यंत. अगदी त्याच्यासारखी ढवळतेस तू, जीभ बाहेर काढून.

सून – बाबा, हा धागा...

सासरे – काय?

सून – परत ठेवू आत? तुम्ही म्हणता, सांध्यात केससुद्धा राहू द्यायचा नाही.

सासरे – म्हणतो. त्यासाठी एका कारागिराला कामावरून काढला होता मी. ठेव. मधोमध ठेव, कडेला नको. वर गोंद घाल, बुडू दे. आता लाकूड. दाब. क्लॅम्प लाव. फार आवळू नकोस. सगळा पिळून बाहेर आला तर आत राहायचं काय?

सून – एवढं?

सासरे – एवढं पुरे. झालं. आता हे असंच, क्लॅम्पसकट घेऊन जा.

सून – बसमध्ये?

सासरे – मांडीवर धर. कुणी विचारलं तर सांग, पोपटाचा पाय मोडलाय.

सून – आणि क्लॅम्प?

सासरे – तो परत आणून द्यावा लागेल. माझ्याकडे तेवढा एकच आहे.

सून – भिंतीवर ओळीने टांगलेत ते काय आहेत मग?

सासरे – ते होय? ते कधीचेच भिंतीला चिकटलेत गं. निघत नाहीत.

सून – ... मग आणून द्यायलाच हवा.