गिरणीचे शेअर

लासूर स्टेशनावर गाडीची वाट बघणाऱ्या सारजाबाईच्या कानावर शेजारच्या दोघा कापूस व्यापाऱ्यांचं बोलणं पडत होतं. शेअर म्हणजे काय, तिला ठाऊक नव्हतं. लढाई ठाऊक होती; मागच्या लढाईतून तिचा भाऊ परतलाच नव्हता.

“आप्पासाहेब, गिरणीचे शेअर आत्ताच घ्या.”

“जब्बारमियाँ, भाव आधीच दुप्पट झालाय. गिरणीची कमाई तेवढी हाय का?”

“विलायतेतली लढाई लांबू द्या. पलटणीला कापड लागंल, कमाई बी वाढंल.”

“अन् उद्याच मिटली तर?”

“तर मी बुडालो.”

“म्हणजे तुम्ही घेऊन बसलात?”

“सिल्लोडची सगळी जमीन इकून.”

“अन् पलटणीत गेलेला तुमचा पोरगा मुख्तार? तो कधी येतोय घरी?”

“लढाई मिटल्यावर.”