ताटाच्या कडेची ढोबळी मिरची

म्हणजे गिळलात? दाताचा तुकडा पडला आणि तो तुम्ही गिळून टाकलात, का, तर मैत्रिणींसमोर हॉटेलात तोंडातून काढून ताटात कसा ठेवायचा म्हणून — नाही नाही, उत्तर देऊ नका ताई, तोंड मिटू नका, ही नळी जिभेखाली राहू दे, थुंकी ओढते ती. डोळ्यांनी बोला. दुखलं तर हात वर करा. बधिर झालंय ना? झालंय, ओठ लोंबतोय चांगला. घाबरायचं काही नाही, तो तुकडा आपला आपण जाईल वाटेनं. पण खरं सांगू का, चारचौघांत बरं दिसावं म्हणून माणसं काय काय गिळतात ना — आणि मी पेशंटांचं नाही म्हणत, आमच्याच टेबलावरचं सांगते. मान जरा इकडे. हं, अश्शी.

आम्ही चौघं शाळेपासूनचे. एक आता हेडबाई आहे — तशी ती पाचवीतही हेडबाईच होती, पगार नंतर सुरू झाला एवढंच. दुसरा तिचा नवरा, वर्गातलाच, रेडिओवर बातम्या वाचतो, म्हणून घरी आणि हॉटेलात एक शब्द बोलत नाही. तिसरी मी. आणि चौथा चमच्या. चमच्या म्हणजे कुणाची हांजी हांजी करणारा नव्हे हो, रोपांची नर्सरी आहे त्याची, कुणाच्या अध्यातमध्यात नसतो. महिन्यातून एका रविवारी आम्ही एकत्र जेवतो, आणि जेवण आलं की हा आपला चमचा घेऊन टेबलभर फिरायचा. हिच्या सूपमध्ये एकदा, त्याच्या भातात एकदा, माझ्या ताटात तर हक्कानं — विचारणं नाही, काही नाही, गप्पा चालू आणि हात चालू. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. निदान मला नाही. हेडबाईला वाटायचं.

आता हात वर का केलात, दुखतंय? मग? असं होय, नाक खाजतंय. खाजवा, मी थांबते.

तर झालं काय, एकदा हेडबाईनं तिच्या शाळेच्या नव्या अध्यक्षीणबाईंना आमच्यात जेवायला आणलं. मोठ्या नीटनेटक्या बाई. आणि ह्यानं काय करावं — बोलता बोलता त्यांच्याच पुडिंगमध्ये चमचा घातला. बाईंनी बशी हळूच त्याच्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, घ्या, तुम्हीच घ्या. हेडबाईचा चेहरा असा झाला की मी उगीचच पाणी प्यायले. बाई गेल्यावर तिनं टेबलाशीच सुनावलं त्याला. म्हणाली, आपण आता लहान नाही, ह्यापुढे ज्याचं ताट त्याचं, दुसऱ्याच्या ताटात हात घालायचा नाही. तिचं चुकलं असं नाही म्हणत मी. हा ऐकून घेत होता, रुमालानं चमचा पुसत बसला होता. एवढंच म्हणाला, "बरोबर आहे तुझं."

पुढच्या महिन्यातल्या रविवारी आला तो शर्ट खोचून. कोपर टेबलावर नाही, आवाज नाही, घास बारीक, मीठ हवं तर 'कृपया' — आमच्याशी, कृपया! बातम्यावाल्यालासुद्धा कसंनुसं झालं, त्यानं दोन वाक्यं बोलून दाखवली. आणि मी माझं ताट बाजूला सारलं तर काय, कडेला ही एवढी ढोबळी मिरची. लाल, हिरवी, पिवळी, रासच. मला ती आवडत नाही, लहानपणापासून नाही, पण सगळ्याच भातात घालतात मेले. वेटरनं विचारलं, भात बिघडला होता का मॅडम? आणि माझ्या डोक्यात आलं, ही रास ह्याआधी कधी कशी दिसली नाही? इतकी वर्षं मी भात मागवतेय, कडेला मिरची सारतेय, आणि ताट परत जाताना स्वच्छ. मग आठवून बघितलं — दुसऱ्यांच्या ताटातलं तो काय वाट्टेल ते उचलायचा. माझ्या ताटातून फक्त हेच. भाताचं एक शीत नाही.

हलू नका, आता बारीक काम आहे. भुवया खाली घ्या.

त्यानंतरच्या महिन्यात तो आलाच नाही. नर्सरीत माल उतरतोय म्हणाला. रविवारी कुठला माल? हेडबाईचं लक्ष सारखं दाराकडे, पण बोलेल तर शपथ. पुढच्या वेळी मी सरळ नर्सरीत गेले, हातातला पाण्याचा झारा काढून घेतला, म्हटलं चल. तो म्हणाला, मी बरा आहे इथं, तिथं माझ्यानं चुका होतात. मी म्हटलं, मला भूक लागलीय आणि मी एकटी जेवत नाही. तशी जेवते हो, रोजच जेवते, एकटीचंच घर आहे — पण तोंडातून निघून गेलं.

भात आला. मी मिरची वेचली, सगळी एका कडेला केली आणि ताट त्याच्यापुढे सरकवलं. हेडबाई म्हणाली, अगं, ठरलंय ना आपलं. मी म्हटलं, हात घालायचा नाही असं ठरलंय, वाढायचं नाही असं नाही ठरलेलं. तो अगदी हळू म्हणाला, "आज राहू दे. मला ती मुळीच आवडत नाही गं."

"मग इतकी वर्षं?"

"तुला आवडत नव्हती ना."

सूप थंड झालं ताई सगळ्यांचं. बातम्यावाला छताकडे बघायला लागला. आणि हेडबाईनं — विश्वास नाही बसणार — स्वतःची बशी उचलून टेबलाच्या मधोमध ठेवली आणि म्हणाली, घे रे, चमचा घे. डोळे पुसत होती. मी? मी काय करणार, ताट ओढून घेतलं आणि ती सगळी मिरची खाल्ली. वाईट लागते हो. अजूनही वाईटच लागते. पण खाल्ली.

हसू नका, हिरडीला लागेल. तसलं काही नाही, तुम्ही समजताय तसलं. शाळेपासूनचे मित्र आहोत आम्ही. ह्या वयात काय — साडी? नवीच आहे. एप्रनमधून दिसते का? अत्तर नाही हो, तो जंतुनाशकाचा वास आहे. बरं, थोडं अत्तरही आहे.

झालं. चूळ भरा. डाव्या बाजूनं आज काही चावू नका, बधिरपणा उतरेपर्यंत गरम पिऊ नका. थांबा, आमची नर्स काही म्हणतेय — अगं, कोण आलंय बाहेर? बस म्हणावं, आलेच. नाही, पेशंट नाही तो, त्याचे दात ठणठणीत आहेत. दुपारच्या सगळ्या वेळा मी आज रद्द केल्यात — तुमचं दुखत होतं म्हणून तेवढं घेतलं. पर्स राहिली तुमची, ही घ्या. आणि ताई, बाहेर त्याच्याकडे असं बघत बसू नका हं, सरळ निघून जा.