त्यानं हात आडवा धरला

मी रहिमतपूरजवळच्या खेड्यातला. चुलता पलटणीत व्हता म्हणून मीबी भरती झालो, आफ्रिकेच्या वाळूत जर्मनांनी धरलं, तिथनं इटली, मग पार जर्मनी. तिथं आमी कैदी रेल्वेचं रूळ दुरुस्त करायचो, पण काय सांगू तुमाला, आमी राजं व्हतो, कारण पलीकडं ज्यू लोकं राबत व्हती. ज्यू म्हंजे, कोकणात शनवार पाळणारं तेली असत्यात न्हवं, त्येंच्याच धर्माची. पट्ट्यापट्ट्याची कापडं, पायात लाकडाचं जोडं, खांद्यावर रूळ. पडला की जाग्यावर गोळी. आणि त्येंची बायकापोरं कोंडून इखारी वायूनं मारली, ते आमाला मागनं कळलं. आग लागो त्या राज्याला!

मग जर्मन लढाई हरत आलं, पहारेकरी पळालं, आणि सकाळच्या पारी मला गवताच्या गंजीत त्या ज्यू लोकांतला एक गावला. माझ्याच वयाचा, पण नुसती हाडं. छातीवर बोट ठेवून म्हनला, याकोब. सुई ओढल्यागत हात करून दावला, म्हंजे शिंपी. आमाला मदतीच्या पेटीतनं पीठ, लोण्याचा डबा यायचा. मी पत्र्यावर चपात्या भाजल्या, लोण्यानं माखल्या, पुढं ठेवल्या. दोन खाल्ल्या त्यानं, रडत रडत खाल्ल्या, आणि तिसरीला हात आडवा धरला. आता आपल्याकडं पाव्हणा हात आडवा धरतोच की वो, भिडंनं धरतो, आपण ऐकतो व्हय? मी म्हनलं, आरं खा की गड्या, लाजतोस कशाला, माझी आण हाय तुला. मराठीतनंच म्हनलं. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि खाल्ली, मग चौथीबी खाल्ली. माझं मन राखलं त्यानं, दुसरं काय.

दुपारी पोट धरून तळमळाय लागला. दिस मावळायच्या आत गेला, माझ्याच मांडीवर. दोन दिसांनी आपल्या फौजेचा गोरा डॉक्टर आला, त्याला सांगितलं, तर म्हनला, उपाशी माणसाला जड घालू न्हाई, चमच्या-चमच्यानं पातळ दूध पाजायचं, तुला काय म्हाईत. आवं, गोळीतनं वाचला, वायूतनं वाचला, आणि मी मारला त्याला, मायेनं मारला!

घरला कळवावं तर त्याचं घरच उरलं न्हवतं. म्हणून दर साली पितरांच्या म्हाळाला समद्यांची पानं वाढून झाली की त्याच्या नावानं वाटीभर पातळ दूध ठेवतो मी. मंडळी म्हनती, आवं, दुसऱ्या धर्माच्या माणसाला ते पोचतंय व्हय? मला काय ठावं. पोचत असंल तर माफ कर म्हनावं त्याला.