हौसाक्काचा पहिला फराळ

या मंडळी, जरा पुढं सरका! मागं भिंतीला टेकलं की डोळे मिटतात, मला सगळं दिसतं इथून. हां. आता एक सांगा. जाणत्या माणसाकडं आपण सल्ला मागायला जातो — जातो की नाही? चांगला चहा पिऊन सल्ला घेऊन येतो. आणि घरी आल्यावर? करतो तेच, जे आधीपासून मनात होतं! मग विचारायला गेला होता कशाला, चहाला? सल्ला मागत नाही तो हेकट, कबूल. पण मागून घेतो आणि पाळत नाही, त्याला काय म्हणावं? थांबा, घाई नको. आधी हौसाक्काची गोष्ट ऐका.

इचलकरंजीच्या अलीकडचं एक गाव. तिथला विश्वनाथ फडतरे यंत्रमागावर कामाला. माग बंद पडले, गडी घरी बसला. पुण्याचा मेहुणा म्हणाला, "या इकडं, वॉचमन म्हणून चिकटवतो." विश्वनाथनं पिशवी भरली. आणि हौसाक्कानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, ती पिशवी उचलली आणि उपडी केली!

"अवो, तुमी पुण्याला, मी हितं, ह्याला काय संसार म्हणायचा? माझ्या हातचा फराळ सारी गल्ली मागून खाती. त्योच इकू या. एवढी दिवाळी बघू. न्हाई जमलं तर जावा, मी अडवायची न्हाई."

वा गं माउली! रडत नाही बसली. तालुक्याला नव्या धंदेवाल्यांना सल्ला देणारं एक केंद्र होतं, नवऱ्याला घेऊन तिथं गेली. तिथल्या रेगे मॅडम — बोलणं फटकळ, पण मनानं सोनं! स्वतः घरी आल्या. चूल पुढच्या ऐसपैस सोप्यात हलवली, डबे कसे भरायचे ते दाखवलं, शिक्षकांच्या पतपेढीची ऑर्डर मिळवून दिली. आणि जाता जाता म्हणाल्या, "हौसाक्का, प्रत्येक घाणा चाखायचा. चाखल्याशिवाय डबा बंद करायचा नाही."

हौसाक्कानं मान डोलावली. अगदी मनापासून डोलावली!

पण मंडळी, फडतऱ्यांच्या घरची रीत काय? दिवाळीचा फराळ नरक चतुर्दशीला आधी देवापुढं, मग माणसांच्या तोंडात. तोवर शेवेचा तुकडासुद्धा जिभेवर ठेवायचा नाही! सासूनं पाळलं, हौसाक्कानं पाळलं. आणि खरं सांगतो, इतक्या वर्षांत मीठ कधी कमी नाही, जास्त नाही. नुसत्या वासावर ओळखायची! मग मॅडमनी सांगितलं म्हणून देवाआधी खायचं? छे छे!

पण एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. इतकी वर्षं चुलीपाशी ती एकटी असायची. आता विश्वनाथही होता! बिचारा कौतुकानं राबत होता हो. हिनं चिवड्याच्या फोडणीतच मीठ घातलं. त्याला वाटलं, गडबडीत हिचं राहिलं. त्यानं परातीत वरून घातलं. चांगलं सढळ हातानं! चाखायचं कुणी? कुणीच नाही. डबे भरले, गेले घरोघरी.

धनत्रयोदशीला भर दुपारी मॅडम दारात. हातात डबा.

"हौसाक्का, हा चिवडा खा."

"मॅडम, उद्या देवाला दाखवल्याबिगर..."

"खा म्हणते ना!"

हौसाक्कानं देवघराकडं बघितलं. जन्मात पहिल्यांदा तिनं देवाआधी घास घेतला — आणि डोळ्यांत पाणी आलं! मिठागर, मंडळी, नुसतं मिठागर! मटकन खाली बसली.

विश्वनाथ हळूच म्हणाला, "सणासुदीचं कोण बोलतंय? खातील गुमान. आता गाजावाजा केला तर पुढच्या साली कोण घेणार? मला पिशवी भरावीच लागंल."

आणि हौसाक्का काय म्हणाली, कान देऊन ऐका! "अवो, उद्या पहाटं ती माणसं ह्योच चिवडा त्यांच्या देवापुढं ठेवतील. माझ्या देवाला जपायला गेले, आणि सगळ्यांच्या देवांच्या पानात खारट घातलं की वो मी! पुण्याला जायाची पाळी आली तर जावा. डबे माघारी आणायचे म्हंजे आणायचे."

अहाहा! भक्ती याला म्हणतात!

"पर मॅडम," ती म्हणाली, "नवा घाणा चाखू कसा? देव उपाशी..."

रेगे मॅडम हसल्या. "देव काय तारीख बघून जेवतो? पहिली मूठ आत्ताच त्याच्यापुढं ठेवा. मग प्रसाद म्हणून चाखा."

हौसाक्का बघतच राहिली. एवढं सोपं! आधी विचारलं असतं तर? मान डोलावण्याऐवजी तोंड उघडलं असतं, "मॅडम, आमच्यात असं चालत नाही" म्हणाली असती, तर ही वाट त्याच दिवशी निघाली असती!

घाणा उतरला की एक मूठ देवाला, चिमूट जिभेला, मग डबा. मीठ आता एकटी हौसाक्का घालणार, विश्वनाथ नुसता कालवणार! संध्याकाळी दोघं दारोदार फिरले. "आमचं चुकलं, ह्यो नवा घ्या." कुणी हसलं, कुणी फटकारलं. एका मास्तरीणबाईंनी दारातच नवा चिवडा चाखला आणि म्हणाल्या, "माझ्या लेकीचं लग्न आहे माघात. रुखवताचा फराळ तुम्हीच करायचा."

विश्वनाथ त्या दारातच रडला हो! पुण्याच्या मेहुण्याला तिथूनच फोन लावला, "दाजी, मी येत न्हाई."

तर मंडळी, मागून न पाळणाऱ्याला काय म्हणायचं, ते हौसाक्काला विचारू नका. ती सुधारली! ते आपण आपल्याला विचारायचं. डॉक्टरनं सांगितलं, मान डोलावली. बायकोनं सांगितलं, मान डोलावली. पटत नव्हतं तर बोललो का? नाही! आणि आता बघा, मी एवढं बोलतोय आणि सगळा मांडव कसा माना डोलावतोय! अहो, थांबवा त्या माना! ज्याला पटलं नसेल त्यानं हात वर करावा. हा तुमचा कीर्तनकार बुवा रागवायचा नाही, इथंच आहे.